उजव्या मुठीचा तक्ता

रथसप्तमी, गुरुवार, दुपारी साडेचार. स्थळ : चिंचवडची आमची बाहेरची खोली. हजर : आई, अण्णा (कंपनीला साप्ताहिक सुट्टी), सुनंदाताई, म्हणजे माझी थोरली बहीण, तिचे यजमान, आमचे भावोजी (चाकणला दुसऱ्याच्या बदल्यात पाळी करून थेट, कंपनीच्या बुटांसह), घरमालकीण भागूआत्या, चाळीतली लहान मुलं अकरा, आणि उत्सवमूर्ती तेजस, ताईचा मुलगा, वय सात महिने. गैरहजर : कोणी नाही.

ही यादी मी त्या दिवशी खरोखरच लिहिली होती, आणि तीही कार्यक्रम सुरू होण्याआधी. तिच्याखाली बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे असं सगळं मापांसकट आहे. मी अठरा वर्षांची होते, कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होते, आणि घरात कुणीही न नेमता व्यवस्थापक झाले होते. अण्णा कंपनीत तपासणी खात्यात होते. दिवसभर पार्ट हातात घेऊन बरोबर-चूक ठरवायचं आणि पुढे सरकवायचं, हे त्यांचं काम. ते काम ते कंपनीच्या फाटकातच सोडून येत. मी मात्र ते घरी करत असे, आणि बिनपगारी. वाण्याची यादी, पाण्याच्या वेळा, गॅसचा नंबर कधी लावला, भागूआत्याने नेलेली चाळणी परत आली की नाही, सगळं माझ्या वहीत असे. अण्णा मला सुपरवायझर म्हणत. मला ते कौतुक वाटायचं. कंपनीत सुपरवायझरला मागून काय म्हणतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

तेजस दीड महिना आधी जन्मला. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे ताई आमच्याकडे आली होती. तो तीन आठवडे दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहिला, आणि पुढे दवाखाना जवळ बरा म्हणून दोघं तळेगावला सासरी न जाता आमच्याचकडे राहिली. दोन खोल्यांत पाच माणसं. घरात अळिवाच्या खिरीचा, शेपूच्या भाजीचा आणि अण्णांच्या कपड्यांतल्या मशीनच्या तेलाचा असा एक मिळून वास असे. मला अजूनही शेपू चिरताना ग्रीसची आठवण येते. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचे पार्ट ठोकून काढणाऱ्या प्रेसचं एक छोटं वर्कशॉप होतं. त्याची धाडधाड सकाळी आठला सुरू व्हायची आणि तेजस त्या आवाजात गाढ झोपायचा. गुरुवारी प्रेस बंद, की हा जागा आणि रडका. घरातल्या सगळ्यांचे दिवस भोंग्यावर चालत. याचा दिवस प्रेसवर चालायचा. आई म्हणायची, याच्यासाठी पाळण्याऐवजी एखादं मशीनच आणायला हवं होतं.

त्याच्यासाठी अर्थातच मी वेगळी वही घातली होती. दूध किती वेळा, झोप किती, मान कधी धरली, हसला कधी. पाचव्या महिन्यापासून त्यात एक रकाना होता : काय पकडलं. खुळखुळा, डावा हात. आईची वेणी, डावा हात. अण्णांचा चष्मा, डावा हात. भागूआत्याचं नाक, डावा हात. दोन महिन्यांत पंचेचाळीस नोंदी आणि पंचेचाळीसही डाव्या. शेवटी मी लाल शाईने निष्कर्ष काढला होता : ‘डावरा. डावरी माणसं हुशार असतात.’ ते पान मी भावोजींना दाखवलं, तेव्हा ते बिचारे खूश होऊन म्हणाले होते, म्हणजे माझ्यावर गेला नाही.

तर बोरन्हाण. काळं झबलं, त्यावर हलव्याचे दागिने. मुकुट मी बसवला, हार आईने घातला, डाव्या हातात वाळा गेला. उजव्या हातात जाईना. वाळा लहान नव्हता, मूठ उघडत नव्हती. अंगठा आत आणि त्याच्यावर चार बोटं, पैसे धरल्यासारखी. मी बोटं सोडवायला गेले तसा त्याने हात छातीशी ओढून घेतला. मुलं गोल करून बसली होती, बोरांची टोपली हातात घेऊन आई ताटकळली होती, आणि माझ्या वेळापत्रकात चार पस्तीसला बोरं पडायची होती. मी वाळा मोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि दोऱ्याने मनगटावर बांधून टाकले. लांबून छान दिसत होतं.

बोरं पडली, मुलांनी झडप घातली. तेजसनेही एक बोर पकडलं, डाव्या हाताने. उजव्या मांडीवर पडलेला उसाचा करवा घ्यायलाही त्याने डावाच हात अंगावरून आडवा नेला आणि कलंडला. भागूआत्या पुनावळ्याच्या जुन्या घरातली, तीन मुलं आणि सात नातवंडं हाताखालून गेलेली. तिने त्याला सरळ केलं आणि म्हणाली, “डावरं हाय गं पोरगं. आमच्या दादाचं बी आसंच व्हतं. डावा हात फडक्यानं बांधून ठेव, आपोआप सुधारतंय.” मी म्हणाले, मला माहितीये आत्या, वहीत लिहिलंय. आणि डावरं असणं वाईट नसतं, असं दोन मिनिटांचं भाषणही दिलं. मुलं पांगल्यावर ताई चुरमुरे झाडता झाडता खालच्या आवाजात म्हणाली, “वैशू, हा हात उघडतच नाही. न्हाऊ घालताना रोज मी मुठीतून लोकर काढते. रोज. दुसऱ्या हातात कधी साचत नाही.”

पुढच्या आठवड्यात आम्ही पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात होतो. बाकावर अडीच तास. त्या वेळात मी प्रश्नांची यादी दोनदा सुवाच्य अक्षरात लिहून काढली. डॉक्टरांनी तपासून आम्हाला थेरपीच्या खोलीत पाठवलं. तिथल्या मॅडम चाळिशीच्या, चपला काढून सतरंजीवर बसलेल्या. त्यांनी तेजसला समोर घेतलं आणि बराच वेळ काहीच केलं नाही, नुसतं एक लाल वाटी इकडून तिकडे सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, की वर्षाच्या आत मूल असा हात निवडत नाही. निवडला, तर निवडलेल्या हाताचं कौतुक करायचं नाही, दुसऱ्याकडे बघायचं. जन्माच्या आसपास मेंदूच्या एका बाजूला इजा झाली असावी, त्यामुळे उजवी बाजू आखडते. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हा चालेल, शाळेत जाईल, असं त्यांना वाटत होतं. उजवा हात डाव्यासारखा होणार नाही, हे मात्र नक्की होतं. पण हे महिने महत्त्वाचे. आत्ता मेंदूला तो हात आहे हे कळलं नाही, तर तो त्याला विसरूनच जाईल.

ताईने पदर तोंडाला लावला. मी वही पुढे केली. आता वाटतं, अशा वेळी माणूस बहिणीचा हात धरतो. मी वही पुढे केली. मॅडमनी चार पानं उलटली, लाल शाईपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “सगळं लिहिलंयस गं. फक्त वाचलं नाहीस.”

त्यांनी सांगितलेलं काम सोपं होतं. पोर पोटभर जेवलेलं, झोप झालेलं असताना रोज अर्धा तास डाव्या हातावर एक मऊ मोजा घालायचा आणि उजव्या हाताला खेळवायचं. रडला तर काढायचा. मग मोजा काढून दोन्ही हात लागतील अशा वस्तू द्यायच्या. उजवा हात मुख्य होणार नाही, पण चांगला मदतनीस होऊ शकेल. घरी येऊन हे सांगितल्यावर आई रडली. अण्णा चहाचा कप हातात धरूनच म्हणाले, “हेल्परवर तर लाइन चालते. ऑपरेटर रजेवर गेला तर भागतं. हेल्पर नसला की बघ.” भागूआत्याला जेव्हा कळलं, की डाव्या हाताला खरंच फडकं घालायला सांगितलंय, तेव्हा तिने आठवडाभर चाळीत मान वर करून सांगितलं, डाक्टरीण बी माझंच म्हनती. तिला फरक समजावायला मी एक तक्ता केला. तो तिने घडी करून डब्याखाली घातला, झुरळं येऊ नयेत म्हणून.

तक्ते करण्यात मी त्या दिवसांत सुखात होते, हे कबूल केलं पाहिजे. भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या बाजूचा मोठा कागद लावला. उभ्या रेघा तारखांच्या. आडवे रकाने : मोजा घातला, मोजा काढला, उजव्या हाताचे प्रयत्न, मूठ उघडली, शेरा. पाळ्या लावल्या. पहिली पाळी आई, तेल आणि मालिश. दुसरी पाळी मी, दुपारी दोन ते चार, मोजा. तिसरी ताई. सर्वांत वर, अण्णांच्या कंपनीत असते तशी, लक्ष्याची ओळ : रोज वीस प्रयत्न. हा आकडा मॅडमनी सांगितला नव्हता. मला वीस हा आकडा नीटनेटका वाटला.

पहिले चार दिवस सहा, सात, पाच, सहा. तक्त्यावर ते फार केविलवाणं दिसायचं. दुपारी ताई झोपायची. रात्रीची जागरणं तिचीच असत. पाचव्या दिवशी मी मोजा अर्ध्याऐवजी तासभर ठेवला. अकरा झाले. कंपनीत माल कमी निघाला की ओव्हरटाइम करतात, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकलेलं. मग दीड तास. मग दोन ते चार सगळा वेळ. आणि मी मोजतही उदार मनाने होते : खांदा हलला, प्रयत्न. कुशीवर वळताना हात घासला, प्रयत्न. मनगटावर मागून चोळलं की बोटं जराशी सुटतात, हे मॅडमनी दाखवलं होतं. मी चोळायचे, बोटं सुटायची, आणि मी लिहायचे, मूठ उघडली. ‘कोणी’ हा रकाना मी केला नव्हता. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तक्त्यावर छत्तीस होते. मी त्याचा आलेख काढला. अण्णांनी तो पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला, आणि हात धुवायला गेले.

मोज्यावर मी एक अस्वलाचं तोंड शिवलं होतं, त्याला आवडावं म्हणून. आधी तो अस्वल बघून तोंड फिरवायला लागला. मग मला बघून. आईकडे हसायचा, भावोजींच्या मिश्या ओढायचा, भागूआत्याच्या अंगावर झेपायचा, आणि मी दारात दिसले की खालचा ओठ बाहेर काढायचा. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : ‘दात येत असावेत.’

एक दिवस असाच दोनला मोजा घातला. तो रडला नाही, म्हणून मला बरं वाटलं. तीनच्या सुमारास मी काढून बघितला. खुळखुळा पुढे धरला. त्याने घेतला नाही. डाव्या हातानेही नाही. दोन्ही हात दोन बाजूंना टाकून तो छताकडे बघत पडला होता. मी खुळखुळा वाजवला, वाटी वाजवली, अण्णांचा चष्मा आणून धरला. तो चष्मा त्याने कधी सोडला नव्हता. त्याने मान भिंतीकडे केली. मी काय करावं? मी पुन्हा मोजा घालायला घेतला, कारण तक्त्यात अजून एक तास होता.

ताई उठून दारात उभी होती. किती वेळ, ठाऊक नाही. तिने आधी मोज्याकडे पाहिलं, मग तक्त्याजवळ जाऊन बोटाने घातला-काढला हे रकाने पहिल्या तारखेपासून शेवटपर्यंत वाचले. मी सगळं खरं लिहिलं होतं. वेळेच्या बाबतीत मी कधी खोटं लिहीत नाही.

“तुझा तक्ता भरतोय, वैशू,” ती म्हणाली. “माझं पोरगं रिकामं होतंय.”

तिने त्याला उचललं. तो तिच्या खांद्यावर पडून राहिला, एरवी धरायचा तशी तिची वेणीही त्याने धरली नाही. “आजपासून त्याला तू हात लावायचा नाही,” एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटलं. संध्याकाळी त्याने वाटीभर खिरीतले दोनच चमचे खाल्ले. आई माझ्याशी नेहमीसारखं बोलत होती, आणि ते जास्त वाईट होतं. जेवणं झाल्यावर अण्णा माझ्याशेजारी पायरीवर बसले. रागावतील म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती, क्रमाने. ते म्हणाले, “आमच्याकडे एक नियम आहे. ज्यानं पार्ट केला, त्यानं तो तपासायचा नाही. माणूस प्रामाणिक असला तरी नाही.” मग सुपारी कातरत बसले. माझं एकही उत्तर त्याला लागू पडत नव्हतं.

मंगळवारी दवाखान्याची तारीख होती. ताईने ये म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. मी पिशवी घेऊन मागे चालत गेले. मॅडमनी विचारलं, घरी कसं चाललंय. ताई जमिनीकडे बघत म्हणाली, बरं चाललंय. माझं नाव तिने घेतलं नाही. तेव्हा मीच सांगितलं, वेळांसकट. सांगताना माझा आवाज अहवाल वाचल्यासारखा यायला लागला तसा मी थांबले आणि म्हणाले, मी त्याला आठवडाभर रोज दोन-दोन तास बांधून ठेवलं.

मॅडमनी तेजसला घेतलं, दोन्ही हात तपासले, लाल वाटी सरकवली. त्याने पाहिलं, घेतली नाही. डावा हात परत येईल, त्या म्हणाल्या, आत्ता तो रुसलाय. चारेक दिवस मोजा पूर्ण बंद. “हात कशासाठी असतो?” त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, पकडण्यासाठी. “हवंय ते घ्यायला असतो. हवंच वाटलं नाही, तर हात कशाला पुढे येईल? बरं, याला सगळ्यांत जास्त काय आवडतं?”

माझ्याकडे तीन वह्या होत्या. त्याचं वजन, तापमान, शी, झोप, सगळं होतं. हे नव्हतं. मी ताईकडे पाहिलं.

“झाकण,” ताई म्हणाली. “पिठाच्या डब्याचं मोठं झाकण. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसतं.”

चार दिवस गेले. तक्ता मी स्वतःच उतरवून वह्यांसकट माळ्यावर टाकला. तेजस तिसऱ्या दिवशी ताईची वेणी ओढायला लागला आणि घरात सगळ्यांनी ते न बघितल्यासारखं केलं, दृष्ट लागेल म्हणून. पाचव्या दिवशी दुपारी दोनला ताईने आतून हाक मारली, की यायचं तर ये, पण तिकडे दाराशी बसायचं. मी दाराशी बसले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून मांडीखाली दाबून ठेवले. तिने त्याला दोन मांड्यांच्या मध्ये टेकवून बसवलं आणि समोर ते झाकण ठेवलं, परातीएवढं, कडा वळलेली. मोजा नव्हता. प्रेस धाडधाड चालू होतं. त्याने डाव्या हाताने झाकण ओढलं, ते सटकलं. पुन्हा ओढलं, पुन्हा सटकलं. तिसऱ्यांदा ते गोल फिरून त्याच्यापासून लांब गेलं आणि तो चिडून गुरगुरला. मला तिथून झाकण पुढे सरकवावंसं इतकं वाटत होतं, की मांडीखालचे हात दुखायला लागले. ताई स्वस्थ बसली होती. मग तो पुढे वाकला आणि उजवी मूठ आली. हळू, खांद्यापासून, एखादी जड पिशवी उचलून आणावी तशी, आणि धपकन झाकणाच्या कडेवर पडली. मूठच ती, उघडलेली नव्हती. पण झाकण हललं नाही. डाव्या हाताने त्याने ते जवळ घेतलं, त्यात तोंड पाहिलं, आणि तेवढ्यात दाबून धरलेल्या मुठीतली दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, कडेवरून हळूच खाली उतरली. कोणी चोळलं नव्हतं.

“वही कुठाय?” ताईने विचारलं. माझ्याकडे न बघता.

“माळ्यावर.”

“बरं,” ती म्हणाली, आणि त्याला झाकण परत लांब सरकवून दिलं.

मॅडम म्हणाल्या होत्या तसंच सगळं झालं, ना जास्त ना कमी. मोजा पुन्हा सुरू झाला, अर्धा तास, ताईच्या मांडीवर. तेजस उशिरा चालला, थोडा उजवीकडे झुकून. आता तो चाकणला एका कंपनीत डिझाइनचं काम करतो, तिथंच खोली घेऊन राहतो. उजव्या हाताने कागद दाबतो, मोबाइल धरतो, बाटली छातीशी आवळतो. शर्टाची बटणं त्याला आवडत नाहीत, म्हणून टी-शर्ट घालतो. माझ्या वह्यांची हकीकत त्याला ताईने सांगितली आहे, बहुधा तिखटमीठ लावून. माझ्या घरी आला की दारातूनच विचारतो, “काय मावशी, आजचं टार्गेट काय?” मी त्याला चहा देते आणि यादी खिशात घालते.

दिवाळीनंतर तो म्हणाला, मेसचं जेवण नको झालंय, मला भाकरी शिकव. मी म्हणाले, पोळी सोपी. तो म्हणाला, भाकरीच. एक हात थापतो आणि दुसरा नुसता कड सांभाळतो, हे त्याने बघून ठेवलंय, त्याला जमेल. पहिल्या खेपेला मी ज्वारीचं पीठ मळून गोळा त्याच्यासमोर ठेवला. उजव्या हाताच्या कडेने त्याने भाकरी अडवली आणि डाव्याने थापायला लागला. ती एका बाजूला जाड, दुसरीकडे फाटत चाललेली. दोन मिनिटं झाली नसतील, माझ्या हातांनी पुढे होऊन भाकरी उचलली, सारखी केली, गोल केली आणि तव्यावर टाकली. मी मान वर केली तेव्हा तो दोन्ही हात मागे घेऊन उभा होता आणि हसत होता. तवा तापला होता, म्हणून मी भाकरीवर पाणी फिरवलं. भाकरी सुरेख फुगली.

त्यानंतर तो तीनदा येऊन गेला. एकदा पीठ संपलं होतं, एकदा पाहुणे होते, एकदा मीच म्हणाले, आज खिचडी टाकू. आता पीठ दळून आणलंय, मोठी परात काढून ठेवलीय, आणि तो भाकरी थापत असताना आपण कुठे बसायचं, एवढं ठरायचं राहिलंय. स्वयंपाकघरात मी तीन जागा बसून पाहिल्या. तिन्ही ठिकाणांहून परातीपर्यंत हात पोहोचतो.